शिकवणाऱ्यांचीही एक जाजम हवी



‘ट्रेनर’ म्हटलं की डोळ्यांपुढे कोण येतं? मोठ्या कंपनीतला, टाय लावलेला, हातात माईक धरलेला माणूस. त्याचा दर दिवसावर ठरतो, त्याला न्यायला गाडी येते, आणि नावामागे चार पदव्या असतात. आता आपल्या सेलू तालुक्यात बघा. वीसेक आशांचं काम पाहणारी आणि त्यांना दर नवं काम समजावून देणारी गटप्रवर्तक. अंगणवाडी सेविकांची बीट बैठक घेणारी मुख्यसेविका. ‘उमेद’च्या गटांना दप्तर, हिशोब आणि बँकेचं कर्ज शिकवणारी सीआरपी. कृषी सखी, पशुसखी, बँक सखी. दवाखान्यात नव्या मुलीला हाताखाली घेऊन बाळंतपणापर्यंत सगळं शिकवणारी जुनी सिस्टर. कॉलेजात, बँकेत, शाळेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी नेमलेल्या अंतर्गत समितीची अध्यक्ष, कारण कायदा काय आहे हे सहकाऱ्यांना सांगण्याचं काम शेवटी तिच्याच अंगावर येतं. आणि आपण, संघटनेच्या कार्यकर्त्या, ज्या या सगळ्यांची शिबिरं घेत फिरतो.

या सगळ्या कामावरच्या माणसांना काम शिकवतात. म्हणजे या सगळ्या ट्रेनरच. पण यांना कुणी ट्रेनर म्हणत नाही, आणि त्या स्वतःलाही म्हणवून घेत नाहीत. ‘मी काय, वरून आलेलं खाली सांगते,’ असं म्हणतात.

या अंकात आम्हांला एकच प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. या बाईला स्वतःला अडलं, तर ती कुणाला विचारते?

मी गेली वीस-बावीस वर्षं या भागात शिबिरं घेते. हा प्रश्न मी अनेकींना विचारला आहे. उत्तरं ठरलेली असतात. ‘साहेबांना विचारते, पण ते चिडतात.’ ‘पुस्तकात बघते.’ ‘नवऱ्याला विचारते.’ आणि सगळ्यांत जास्त वेळा येणारं उत्तर, ‘कुणालाच नाही. निभावून नेते.’ शंभर बायकांना शिकवणारी बाई स्वतः मात्र निभावून नेते, ही आपल्या प्रशिक्षणाची खरी अवस्था आहे.

कंपन्यांतल्या प्रशिक्षकांची गोष्ट वेगळी आहे. ‘इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट’ ही त्यांची संस्था 1970 साली स्थापन झाली. मोठ्या शहरांत तिच्या शाखा आहेत. अमेरिकेत अशी संघटना 1940 च्या दशकातच उभी राहिली. म्हणजे जे लोक शिकवतात त्यांनाही एकमेकांत बसून शिकावं लागतं, हे भांडवलदारांना कधीच कळलं होतं. त्या बसण्याला तिथे काम समजतात. आपल्याकडे मात्र चार गटप्रवर्तक पंचायत समितीच्या व्हरांड्यात बोलत उभ्या राहिल्या, की ‘काय गप्पा चालल्यात?’ असं विचारलं जातं.

आपल्याकडे प्रशिक्षण कसं येतं ते तुम्हांला ठाऊक आहेच. मुंबई-पुण्याला पुस्तिका तयार होते. तिथे काही जणांना मास्टर ट्रेनर करतात. ते विभागाच्या ठिकाणी येऊन जिल्ह्याच्या लोकांना शिकवतात, जिल्ह्याचे लोक तालुक्याला, तालुक्याचे गावाला. एका पायरीवरून दुसरीवर उतरताना दिवस कमी होतात. वर पाच दिवसांचं असलेलं शिबिर खाली येईपर्यंत दीड दिवसाचं होतं, आणि त्यातला अर्धा दिवस हजेरीपट, फोटो आणि प्रवासभत्त्याच्या कागदांवर सह्या करण्यात जातो. घागर वरून भरून निघते आणि वाटेत हिंदकळत हिंदकळत दारात येईपर्यंत तळाशी ओंजळभर पाणी उरतं. दोष शेवटच्या बाईला दिला जातो, ‘हिला नीट सांगता येत नाही’ म्हणून.

ही पायऱ्यांची पद्धत जगात गाजली ती दुसऱ्या महायुद्धात. पुरुष लढाईवर गेले आणि अमेरिकेच्या कारखान्यांत लाखो नवी माणसं, त्यांत बायकाही मोठ्या संख्येनं, कामावर आली. त्यांना झटपट शिकवायचं कसं? 1940 ते 1945 या काळात तिथे ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. थोड्यांना तयार करायचं, त्यांनी कारखान्यांतल्या मुकादमांना तयार करायचं, मुकादमांनी कामगारांना. पण त्यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. काम कसं शिकवावं हे शिकायला दहा-दहा मुकादम एकत्र बसत. दोन-दोन तासांच्या पाच बैठका होत. प्रत्येकानं आपल्या खात्यातलं एक खरं काम घेऊन यायचं आणि ते बाकीच्यांसमोर शिकवून दाखवायचं. बाकीच्यांनी सांगायचं, कुठे समजलं, कुठे समजलं नाही. आपण त्या पद्धतीतल्या पायऱ्या तेवढ्या उचलल्या. प्रत्येक पायरीवर दहा जणांनी बसून एकमेकांचं काम पाहायचं, ते मात्र गळून गेलं.

वरून येणाऱ्या पुस्तिकेत जे नसतं ते कुणाकडे असतं, याचं एक उदाहरण देते. गटातल्या बायकांना व्याज शिकवायचं होतं. पुस्तिकेत ‘शेकडा वार्षिक दर’ असा धडा होता, खाली तीन गणितं होती. अनेक गावांत तो धडा सुरू झाला की म्हाताऱ्या बायका पदर सावरून उठायच्या. जिंतूरच्या बाजूची एक सीआरपी आम्हांला एका शिबिरात भेटली. तिची शाळा सातवीत सुटलेली. ती पुस्तिका उघडतच नसे. ती विचारायची, ‘पेरणीच्या दिवसांत पायलीभर ज्वारी सवाईनं आणली, तर सुगीला किती द्यायची?’ सगळ्या एका सुरात सांगायच्या, सवा पायली. ‘आणि दिढीनं?’ दीड पायली. ‘किती महिन्यांत?’ पाच. मग ती शंभर रुपयांवर यायची. सवाई म्हणजे शंभराचे पाच महिन्यांत सव्वाशे, म्हणजे महिन्याला पाच रुपये. दिढी म्हणजे महिन्याला दहा रुपये. आणि आपला गट घेतो महिन्याला दोन रुपये. ‘आता सांगा, सावकार किती घेत होता?’ जिला अक्षर येत नाही तिला हिशोब येत नाही असं थोडंच आहे. तिचा हिशोब पायलीत होता, पुस्तिकेचा टक्क्यांत. मधला पूल त्या सीआरपीनं बांधला होता.

आता मुद्दा असा, की हा पूल शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या सीआरपीला माहीतच नव्हता. ती अजून तीन गणितांपाशी अडखळत होती. दोघी वर्षानुवर्षं त्याच कामावर होत्या, महिन्यातून एकदा आपापल्या तालुक्याच्या बैठकीला जात होत्या, पण त्या बैठकीत ‘किती गट झाले, किती कर्जप्रकरणं गेली’ एवढंच विचारलं जाई. ‘तू कसं शिकवतेस?’ हे कुणी विचारलं नाही. ही सवाई-दिढीची युक्ती एकीकडून दुसरीकडे गेली ती शिबिराच्या जेवणाच्या सुट्टीत. जेवणाच्या सुट्टीत जे घडतं तेच खरं प्रशिक्षण असेल, तर त्या सुट्टीलाच वेळापत्रकात जागा का नसावी?

हे मी काही नवं सांगत नाही. आपल्याच मराठी मुलखात हे करून दाखवलेलं आहे.

जामखेडचं उदाहरण घ्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली तिथे काम सुरू केलं. आधी त्यांनी गावोगाव नर्स नेमून पाहिल्या. ते जमलं नाही, कारण शिकून आलेली परकी मुलगी एकटी गावात टिकेना आणि गाव तिचं ऐकेना. मग गावानंच निवडलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवायचं ठरलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. त्यांना एकदा शिकवून परत पाठवून दिलं नाही. त्या ठरावीक दिवशी पुन्हा पुन्हा जामखेडला येत राहिल्या, एकत्र राहिल्या, एकत्र जेवल्या, आणि आपापल्या गावात काय घडलं ते एकमेकींना सांगत राहिल्या. पुढे नव्यांना शिकवायचं काम जुन्यांनीच उचललं. देशोदेशीचे डॉक्टर तिथे शिकायला येऊ लागले तेव्हा त्यांच्यासमोर बोलायला याच बायका उभ्या राहिल्या. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या कामाचा कणा म्हणजे पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या या बायका, हे आपण विसरतो.

दुसरं उदाहरण आपल्या मराठवाड्यातलं, आणि दुःखातून आलेलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या जिल्ह्यांत घरं नव्यानं बांधायची होती, तडे गेलेली मजबूत करायची होती. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’नं तिथे गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. भिंतीला कोपऱ्यात काय घालायचं, दगड कसा बसवायचा, सरकारी मदतीचा हप्ता केव्हा मिळतो, हे त्यांनी आधी स्वतः समजून घेतलं आणि मग गावाला समजावलं. एका गावच्या बायका दुसऱ्या गावी जाऊन काम पाहून यायच्या. पाहून आलेल्या बाईचं बोलणं ऐकलं जातं, कारण ती ऐकीव सांगत नाही. पुढे 26 जानेवारी 2001 ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पण पडलेल्या घरापुढे बसलेल्या बाईला काय विचारायचं हे त्यांना ठाऊक होतं. 2022 साली प्रेमाताई गेल्या. संस्थेचं नाव त्यांच्या विचाराचं सार सांगतं. शिक्षण स्वयं आहे, पण ‘स्वयं’ म्हणजे एकटीनं असं नाही.

तिसरं उदाहरण आजचं. राज्यात 2011 साली ‘उमेद’ अभियान सुरू झालं. त्यात ‘वर्धिनी’ नावाच्या बायका आहेत. स्वतःच्या गटातून वर आलेल्या या बायका परक्या तालुक्यात, परक्या जिल्ह्यात फेरीवर जातात, तिथल्या गावात राहतात, घरोघर फिरून गट बांधतात. सरकारी कार्यक्रमानंही हे मान्य केलं आहे, की बाईला गट समजावून सांगायला गटातलीच बाई लागते. मग त्याच तर्कानं पुढचं पाऊल का टाकू नये? शिकवणाऱ्या बाईला शिकवायला शिकवणारीच बाई लागते.

आणि चौथी गोष्ट जरा लांबची, राजस्थानातली, पण आपल्या सगळ्यांच्या कामाशी बांधलेली. तिथे 1984 साली महिला विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव ‘साथिन’ नेमल्या गेल्या. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या, बालविवाहापासून मजुरीपर्यंत सगळ्या विषयांवर बोलणाऱ्या. या साथिनी ठरावीक काळानं एकत्र बसत. त्या बसण्याला ‘जाजम’ म्हणत. जाजम अंथरायची, सगळ्यांनी तिच्यावर बसायचं, खुर्ची कुणालाच नाही. त्यांतल्याच एक भंवरीदेवी. बालविवाह थांबवायचं आपलं काम केलं म्हणून 1992 साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून ‘विशाखा’ची याचिका उभी राहिली, 13 ऑगस्ट 1997 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि 2013 साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. ज्या कायद्याची शिबिरं आज वातानुकूलित हॉलमध्ये होतात, तो कायदा मानधनावर काम करणाऱ्या, दुसऱ्या बायांना शहाणं करणाऱ्या एका बाईच्या वेदनेतून आला आहे. म्हणून आमचं म्हणणं तपासायला आम्ही हाच कायदा घेतो.

कायदा सांगतो, जिथे दहा किंवा अधिक माणसं कामाला आहेत तिथे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष बाई हवी, निम्म्याहून कमी बायका चालणार नाहीत, आणि एक सदस्य बाहेरची, महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली हवी. दहापेक्षा कमी माणसं असतील तर, किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकामगार बाईलाही तिथे दाद मागता येते. तालुक्याला एक नोडल अधिकारी हवा, ज्यानं आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पोचवायची. तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची, चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची. कागदावर सगळं आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाचा निकाल देताना 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं याच कायद्याच्या अंमलबजावणीतल्या गंभीर उणिवांवर बोट ठेवलं आणि समित्यांच्या सदस्यांना नियमित प्रशिक्षण देण्याचे आदेश दिले. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाला पुन्हा जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या आणि तालुक्याचे नोडल अधिकारी नेमण्यासाठी मुदती घालून द्याव्या लागल्या. कायदा होऊन अकरा वर्षं झाल्यावर!

आता तालुक्याच्या गावातली समितीची अध्यक्ष डोळ्यांपुढे आणा. शिक्षिका असेल, बँकेतली अधिकारी असेल. तिचं एक दिवसाचं शिबिर झालंय. तिच्या हातात आयुष्यातली पहिली तक्रार येते. तक्रार करणारी मुलगी रडते आहे, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो रोज तिच्या शेजारच्या टेबलावर बसतो, त्याच्या बायकोची आणि हिची ओळख आहे, संस्थाचालकांचा फोन येऊन गेला आहे, ‘ताई, जरा सांभाळून घ्या.’ पहिला प्रश्न काय विचारायचा? साक्षीदार फिरला तर? तडजोड हवी असं मुलगी स्वतःच म्हणाली तर? पुस्तिकेत कलमं आहेत. या प्रश्नांची उत्तरं ज्या बाईनं अशा तीन चौकश्या केल्या आहेत तिच्याकडे आहेत. ती कदाचित मानवतला आहे, पाथरीला आहे. दोघींची भेट होत नाही.

कुणी म्हणेल, हे गोपनीय असतं, बोलायचं कसं? रास्त प्रश्न आहे. कायद्याचं सोळावं कलम तक्रारदार, साक्षीदार, आरोप असलेली व्यक्ती आणि चौकशी यांबद्दलची माहिती बाहेर फोडायला मनाई करतं, आणि ते योग्यच आहे. पण त्याच कलमात हेही म्हटलं आहे, की पीडितेची आणि साक्षीदारांची नावं-पत्ते आणि त्यांची ओळख पटेल असा कुठलाही तपशील न देता, मिळालेल्या न्यायाची माहिती लोकांना सांगता येते. म्हणजे संपलेल्या प्रकरणातून काय शिकलो हे सांगायला कायद्यानं दार किलकिलं ठेवलं आहे. अडचण दुसरीच आहे. सेलूसारख्या गावात नाव न घेताही सगळ्यांना सगळं कळतं. ‘एका शाळेत’ म्हटलं तरी चार शाळांपैकी कुठली ते लोक ओळखतात. म्हणून आमचं असं म्हणणं आहे, की अशी बैठक एका गावापुरती असूच नये. परभणी जिल्ह्याच्या नवही तालुक्यांतल्या समित्यांच्या बायका एकत्र बसल्या, आणि गाव, खातं, वर्ष, हुद्दा काहीही न सांगता फक्त पेच मांडायचा असा नियम केला, तर मुलीची अब्रू झाकलेली राहील आणि अध्यक्षबाईंचं शहाणपण मात्र उघडं होईल. चालू चौकशीबद्दल तर एक अक्षर बोलायचं नाही. हा नियम जी मोडेल तिनं जाजमेवर बसू नये.

या मागणीला दोन आक्षेप येतील आणि दोन्ही ऐकून घेण्यासारखे आहेत.

पहिला असा, की बायका बायका बसून चुकीचंच एकमेकींना शिकवतील. होऊ शकतं. दहा जणींचं अज्ञान एकत्र केलं म्हणून ज्ञान होत नाही. जामखेडला डॉक्टर होते, किल्लारीनंतर इंजिनिअर होते. आम्ही तज्ज्ञ नकोत असं म्हणतच नाही. तज्ज्ञांना कुठे बसवायचं एवढंच बदला म्हणतो. आज तज्ज्ञ आधी बोलतो आणि शेवटी ‘काही शंका?’ म्हणतो, तेव्हा सगळ्यांची एसटी गाठायची घाई असते. आमच्या बैठकीत आधी बायका अडचणी मांडतील, आपापसांत सुटतील त्या सोडवतील, आणि ज्या सुटणार नाहीत तेवढ्या घेऊन डॉक्टरला, वकिलाला, कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाला बोलावतील. मग त्यालाही कळेल की आपल्याला नक्की काय विचारलं जातंय.

दुसरा आक्षेप आपल्याच मैत्रिणींचा आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. त्या म्हणतात, ‘एकमेकींकडून शिका’ हे सरकारला फार आवडेल, कारण ते फुकट आहे. आधीच आशा ‘स्वयंसेविका’, अंगणवाडी सेविका ‘मानसेवी’. काम पूर्णवेळ आणि मोबदला मानाचा! अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ऐकायलासुद्धा एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. त्यात आता आणखी एक बिनपगारी दिवस? या मैत्रिणींचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. म्हणून आमची मागणी पैशांपासून सुरू होते. बैठकीचा दिवस हा कामाचा दिवस. त्याचं मानधन, येण्याजाण्याचं भाडं, आणि अंगावरचं पोर घेऊन येणारीसाठी पाळण्याची सोय. जे फुकट मागितलं जातं त्याची किंमत कुणी करत नाही.

आणखी एक गोष्ट आपणच आपल्याला सांगायला हवी. जाजम अंथरली म्हणून सगळ्या बरोबरीच्या होत नाहीत. कोण पुढे बसतं, कोण दाराशी, कुणाच्या डब्यातली भाजी सगळ्यांत फिरते आणि कुणाचा डबा झाकलेलाच राहतो, हे आपण शिबिरांत पाहिलेलं आहे. बोलणाऱ्या त्याच त्या चौघी असतात. बौद्ध वस्तीतली सेविका, मुस्लिम मोहल्ल्यातली आशा, तांड्यावरची सीआरपी यांच्याकडे सर्वांत अवघड कामाचा अनुभव असतो आणि त्यांनाच शेवटी, वेळ उरला तर, विचारलं जातं. तेव्हा पाळी ठरवून बोलायचं, आणि जी मागच्या वेळी बोलली नाही तिच्यापासून सुरुवात करायची, एवढा साधा नियम हवा.

‘आता तर व्हॉट्सअ‍ॅपचे गट आहेत की’, असंही कुणी म्हणेल. आहेत, एकेकीच्या फोनवर दहा-दहा. वरून आदेश येतो, खालून ‘ओके मॅडम’ जातं. रात्री दहाला यादी मागितली जाते. जिथे साहेब आहेत तिथे ‘मला हे येत नाही’ असं कोण लिहील? न येणं कबूल करायला सुरक्षित जागा लागते, आणि शिकणं तर तिथूनच सुरू होतं.

परभणी जिल्ह्याला याचा आणखी एक अनुभव आहे. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम 1994 साली सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत परभणी होता. शिक्षकांनी आपापल्या केंद्रात नियमित एकत्र यावं, एकमेकांचे पाठ पाहावेत, ही कल्पना त्यानं इथे रुजवली. जुन्या शिक्षिका अजून सांगतात, की सुरुवातीला त्या बैठकीची वाट पाहावीशी वाटे. पुढे तिथे परिपत्रकं वाचली जाऊ लागली, माहितीचे तक्ते भरले जाऊ लागले, आणि बैठक उरली पण बसणं गेलं. यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे. अशी बैठक खात्याच्या ताब्यात पूर्णपणे दिली की ती खात्याच्या कामाची होते. विषय ठरवण्याचा हक्क बसणाऱ्यांकडेच राहिला पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या थोडक्यात अशा. एक, दर तालुक्यात महिन्यातून एक दिवस शिकवणाऱ्या बायकांची बैठक, खातं कुठलंही असो, आशांची गटप्रवर्तक आणि गटांची सीआरपी एका जाजमेवर. दोन, तो दिवस भरपगारी. तीन, अध्यक्ष नाही, अधिकाऱ्यांची खुर्ची नाही. विषय बायकांनी ठरवायचे आणि एका वहीत अडचणी लिहायच्या. चार, प्रत्येकीनं आपल्या कामातला एक तुकडा शिकवून दाखवायचा. पाच, तीन महिन्यांनी एकदा नवही तालुक्यांची मिळून बैठक, त्यात समित्यांच्या सदस्यांसाठी वेगळी बसायची वेळ, आणि वहीत न सुटलेल्या प्रश्नांसाठी तज्ज्ञ. हे निवेदन आपण जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेकडे देणार आहोत. ‘उमेद’, आरोग्य आणि महिला-बालविकास या तिन्ही खात्यांना त्याची प्रत जाईल. सह्या हव्या आहेत, आणि सहीबरोबर आपण काय शिकवता तेही लिहा. ती यादीच आपला सर्वांत मोठा पुरावा ठरेल.

पण निवेदनाच्या उत्तराची वाट पाहत बसायचं नाही. सेलू स्टेशनवर जालन्याकडूनही गाडी येते आणि परभणीकडूनही. परतूर, मानवत रोड, परभणी इथल्या मैत्रिणींना सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाता येतं. जिंतूर-पाथरीहून एसटी आहे. सुरुवात आपण आपल्या खर्चानं, वर्गणीनं, एका तिमाही बैठकीनं करू शकतो. पैसे मागायचा हक्क सोडायचा नाही, पण बसायचं थांबवायचंही नाही.

आणि या अंकापासून शेवटचं पान आम्ही मोकळं ठेवतो आहोत. त्याचं नाव ‘अडचणींची वही’. शिकवताना तुम्हांला कुठे अडलं ते लिहा. नाव छापू नका म्हणाल तर छापणार नाही. उत्तर संपादक मंडळ देणार नाही, दुसरी एखादी शिकवणारीच देईल. पोस्टकार्ड पुरेल. लिहायला वेळ नसेल तर शेजारच्या मुलीकडून लिहून घ्या, पण पाठवा.